जोडकामाचे कर्तेपण

‘रूपांतर’ कोठे संपते आणि ‘स्वतंत्र कृती’ कोठे सुरू होते, हा प्रश्न साहित्याच्या अध्यापनात वारंवार उपस्थित होतो. त्याच प्रश्नाचा विचार येथे आम्ही एका दूरच्या वाटणाऱ्या क्षेत्राच्या आधारे करू इच्छितो : निरनिराळ्या गाड्यांचे भाग एकत्र आणून नवी गाडी घडविण्याचा इतिहास.

अमेरिकेत अशा गाडीला ‘हॉट रॉड’ म्हणतात. १९३० च्या दशकापासून दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या पळवीत. वजन घटविण्यासाठी मडगार्ड काढून टाकीत, अधिक ताकदीचे इंजिन दुसऱ्या गाडीतून आणून बसवीत. १९३२ ची फोर्ड रोडस्टर, म्हणजे पक्के छत नसलेली छोटी गाडी, त्यांची विशेष आवडती. १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचे मासिकच निघाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हा खेळ प्लॅस्टिकच्या छोट्या प्रतिकृतींत उतरला. एएमटी कंपनीच्या एकाच संचातून गाडी तीन प्रकारे जोडता येई. पुढे एका संचाची बॉडी, दुसऱ्याचे इंजिन आणि तिसऱ्याची चाके अशी सरमिसळ हीच एक कला ठरली.

ही सरमिसळ वाटते तितकी सोपी नाही. १९३२ च्या फोर्डच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर १०६ इंच. एकास पंचवीस या प्रमाणात ते सुमारे १०८ मिलिमीटर होते, एकास चोवीस या प्रमाणात ११२. चार मिलिमीटरांच्या या फरकामुळे एका संचाची बॉडी दुसऱ्याच्या सांगाड्यावर बसत नाही. कोठे कापायचे, कोठे भर घालायची, हे जोडणाऱ्यालाच ठरवावे लागते. भाग सगळे परके, निर्णय मात्र त्याचे. आणि कर्तेपण वसते ते या निर्णयांत.

आता आपल्याकडे वळू. खंडाळ्याहून खंबाटकी ओलांडून महामार्गाने कराड गाठावे. तेथून पुढे सांगली जिल्ह्यात, सागरेश्वर अभयारण्याच्या परिसरात देवराष्ट्रे लागते. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून ते आपणांस परिचित आहे. याच गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जोडून एक छोटी चारचाकी तयार केली. खर्च सुमारे साठ हजार रुपये. आणि ती सुरू होई दुचाकीप्रमाणे किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत पाहून उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती रस्त्यावर आणण्यास मनाई होईल, हेही त्यांनी नमूद केले होते. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहारांच्या घरी आली.

बहुतेकांनी या गाडीला एकच शब्द लावला : ‘जुगाड’. आमचा आक्षेप या शब्दाला आहे. सवड आणि सुबत्ता असलेल्याने केलेले जोडकाम ‘छंद’ किंवा ‘कला’ ठरते. त्याची मासिके निघतात, प्रदर्शने भरतात. गरजेपोटी केलेले तेच काम ‘जुगाड’ ठरते, म्हणजे कशीबशी भागविलेली वेळ. वास्तविक लोहारांची कसोटी अधिक कठीण होती. प्रतिकृती कपाटात उभी राहिली तरी पुरे. यांच्या गाडीला माणसे घेऊन चालायचे होते. वजन, चाकांची दिशा, ब्रेक यांचा विचार केल्यावाचून ते घडत नाही.

सुरक्षिततेचे नियम आवश्यक आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु गाडीला परवाना नाकारणे वेगळे आणि तिच्यामागील विचाराला इतिहासात जागा नाकारणे वेगळे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकात छोट्या मोटारीचे काम आरंभिले आणि पुढची काही दशके ते सुधारीत नेले. त्यांची ‘मीरा’ कारखान्यात कधी उत्पादनाला गेली नाही. परिणामी मोटारींच्या इतिहासात ती तळटीपेपुरती उरली. कारखाना आणि विक्रीचे आकडे हेच इतिहासाचे पुरावे मानले, की असे कर्ते आपोआप गळतात.

साहित्याच्या इतिहासात लोककथा सांगणाऱ्यांचे असेच झाले होते. सामग्री परंपरेची म्हणून सांगणाऱ्याचे नाव नोंदविण्याची गरज कोणास वाटली नाही. ती चूक आपण आता ओळखतो. गॅरेजमध्ये आणि लोहारशाळेत आज चाललेल्या कामाच्या बाबतीत तीच पुन्हा करावयाची का, एवढाच आमचा प्रश्न आहे.