निळी रेघ आणि पाण्याची वेळ

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा भागात फ्लाय फिशिंगची हौस असलेली मंडळी आता बरीच भेटतात. काश्मिरी गेटहून रात्रीची मनालीची व्होल्वो धरायची, पहाटे औटच्या बोगद्याअलीकडे उतरायचे आणि लारजीवरून तीर्थनच्या खोऱ्यात शिरायचे, हा त्यांचा ठरलेला रस्ता. या मंडळींत एक मत इतके मुरले आहे की ते मत आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. हातात जीपीएस आणि फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा असला की वाटाड्याची गरज संपली, गावात चौकशीची गरज संपली. घरी बसून उपग्रहचित्रात नदीचे वळण शोधा, तिथे खूण टाका, आणि खुणेपाशी जाऊन काठी जोडा.

हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यामागे एका जुन्या अन्यायाची आठवण आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा, पण त्याचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला मिळणे दीर्घकाळ दुरापास्त होते. सीमेलगतच्या पट्ट्यातले तर कुलुपातच. हिमालयात भटकणाऱ्या कित्येकांनी म्हणूनच अमेरिकी लष्कराने १९५०च्या दशकात छापलेले ‘यू ५०२’ मालिकेतले अडीच लाखांत एक प्रमाणाचे नकाशे वापरले. आपल्याच डोंगराची वाट परक्या सैन्याच्या कागदावर शोधायची! २००५च्या नकाशा धोरणाने नागरी वापराची वेगळी मालिका काढली आणि १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बहुतेक बंधने सैल केली. तिकडे जीपीएसच्या नागरी संकेतात अमेरिका मुद्दाम मिसळत असलेली चूक मे २००० मध्ये बंद झाली होती. आजचे हातातले यंत्र मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटरांत जागा सांगते. पूर्वी चांगल्या डोहाचा पत्ता चार विश्रामगृहांच्या खानसाम्यांकडे आणि दोन-चार साहेबी कुटुंबांकडे असायचा. तो मक्ता मोडला, याचा आनंद मलाही आहे.

पण मक्ता मोडला म्हणून ज्ञान हाती आले असे होत नाही. यंत्र जागा सांगते. मासा मिळणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणूस धड परतणे, हा प्रामुख्याने वेळेचा प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाला नकाशाकडे उत्तर नाही.

लारजीपाशीच पाहा. बसमधून उतरल्यावर अगदी समोर हे उदाहरण असते. इथे तीर्थन आणि सैंज एकत्र येऊन ब्यासला मिळतात. उपग्रहचित्रात दोन्ही सारख्याच दिसतात: हिरव्या दरीतली पांढरी-निळी रेघ, मधूनमधून गोटे. पण तीर्थनवर मोठे धरण नाही. सैंजचे पाणी सियुंडच्या धरणापाशी पार्वती टप्पा तीनच्या बोगद्यात वळते आणि लारजीजवळ बिहालीच्या वीजगृहातून बाहेर पडते. मधल्या पट्ट्यात नकाशावर नदी वाहते आहे, तिचे बरेचसे पाणी मात्र डोंगराच्या पोटातून चालले आहे. ब्यासचीही खाली तीच गत. पंडोहपासून तिचे पाणी १९७७ पासून बोगद्यांतून आणि कालव्यातून थेट सतलजला जाते. निळी रेघ ही नदीची हजेरी आहे, पाण्याची नव्हे.

याची दुसरी बाजू अधिक भीषण. ८ जून २०१४च्या संध्याकाळी लारजी धरणातून अचानक पाणी सोडले गेले आणि खाली थलौटजवळ ब्यासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चोवीस विद्यार्थी वाहून गेले. ते मासे धरायला गेले नव्हते, छायाचित्रे काढत होते. पण ज्या गोट्यांवर ते उभे होते, तशाच गोट्यांवर गळ टाकणारा उभा राहतो. किंबहुना तो आणखी आत, मांडीभर पाण्यात जातो. त्या संध्याकाळी कोणाच्या हातात जगातले सर्वांत अचूक यंत्र असते तरी त्याने बिनचूक अक्षांश-रेखांश दाखवले असते. जागा तीच होती. वेळ बदलली होती.

धरण नसलेल्या तीर्थनवरही वेळ सुटत नाही. मे-जूनमध्ये वरचे बर्फ दिवसा वितळते, त्याचे पाणी काही तासांनी खाली पोचते आणि दुपारनंतर नदी चढते, गढूळ होते. सकाळी ज्या दगडामागे ट्राउट संथ पाण्यात तोंड वर करून वाहत येणारे किडे टिपत असतो, तो दगड दुपारी पाण्याखाली. उपग्रहचित्र कुठल्यातरी एका मोसमातल्या, कुठल्यातरी एका दिवसाचे. बहुधा निरभ्र दिवसाचे, कारण ढग असले की चित्र कामाचे नाही. म्हणजे पावसाळ्यातली नदी त्यात जवळजवळ नसतेच.

अचूकतेचा दावाही दरीत तपासून घ्यावा. जागा ठरवायला निदान चार उपग्रह दिसावे लागतात, आणि तेही आकाशभर पसरलेले. अरुंद दरीत आकाशाची एक पट्टीच उरते, शिवाय कड्यावर आदळून आलेला संकेत यंत्राला फसवतो. त्यात कोणी सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकावरून वाचलेले अक्षांश-रेखांश थेट यंत्रात भरले, तर आणखी घोळ. जुनी पत्रके १८३०च्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेली आहेत आणि यंत्र डब्ल्यूजीएस ८४ वर चालते. उत्तर भारतात या दोहोंतला फरक शंभर मीटरच्या वर जातो. चांदणी चौकात शंभर मीटर म्हणजे दोन दुकाने चुकली. तीर्थनच्या घळीत शंभर मीटर म्हणजे पलीकडचा काठ, आणि मध्ये पूल नाही.

हद्दीचेही तसेच. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान १९९९ मध्ये अधिसूचित झाले, २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. तीर्थनचा वरचा भाग त्यात आहे आणि तिथे गळ टाकता येत नाही. खाली परवाना लागतो, आणि ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, कारण तो विणीचा हंगाम. ऑनलाइन नकाशातली उद्यानाची रेघ कोणी हौसेने काढलेली असू शकते. परवाना तपासणारा माणूस ती रेघ मानणार नाही. पुन्हा पाहा: बंदीचा अर्धा भाग जागेचा, अर्धा महिन्यांचा.

जागेचा पत्ता आणि ज्ञान यांतला हा भेद नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, मराठी मुलखाला लागूनच. त्यात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे, आणि प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५०च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. राजाने तिथे डोहांची यादी दिलेली नाही. कोणता मासा काय खातो, कोणाला कसले आमिष लावावे, याचा विचार केला आहे. पत्ते सांगायला सेवक होतेच, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा, ग्रंथात लिहून ठेवण्याजोगे काय, हे राजाला कळत होते.

इथवर वाचून एक दुसरा पक्ष खूश होईल. यंत्रे फेकून द्या, नदी पायांनी वाचा, गावातला म्हातारा सांगेल ते खरे, असे म्हणणारे ज्येष्ठ दिल्लीत आहेत आणि त्यांच्या गप्पा मला प्रियही आहेत. पण त्यांचे म्हणणेही टिकत नाही. ९ आणि १० जुलै २०२३च्या पुरात ब्यासने कुलू-मनालीत रस्ते नेले, पूल नेले, काठ बदलले. असा पूर आला की पिढ्यान्‌पिढ्यांचे ‘त्या देवदाराखालचा डोह’ हे ज्ञान एका रात्रीत जुन्या चित्राइतकेच शिळे होते. आणि मुळात ट्राउट इथला नव्हेच. तो विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी काश्मीर-कुलूच्या पाण्यात आणून सोडला. त्याच्याबद्दल सनातन लोकज्ञानाची भाषा जरा जपून वापरावी. महसीरबद्दल वापरली तर शोभेल.

मग यंत्राचा खरा उपयोग काय? परतीची वाट. धुके उतरले, अंधार पडला, ओढ्याकाठची पायवाट फुटली, अशा वेळी आपण आलो तो मागोवा यंत्रात उमटलेला असणे हे जीव वाचवणारे आहे, आणि एवढ्यासाठीसुद्धा ते खांद्याच्या पिशवीत असावे. दुसरे, नोंद. खूण टाकताना तिच्याशेजारी तारीख, वाजले किती, पाणी कोणत्या दगडापर्यंत होते, कोणते किडे उडत होते, हे लिहिले तर तीन-चार हंगामांनी हाती जे येते ते विकत मिळत नाही. बहुतेक लोक नुसती खूण टाकतात, वर माशाचे चित्र चिकटवतात आणि सगळ्यांना पाठवून देतात. लहान ओढ्याला तेवढी गर्दी सोसत नाही, हा वेगळाच विषय.

एक सावधगिरी मात्र दिल्लीकरांनी घ्यावी. जागा दाखवणारे यंत्र वेगळे आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे वेगळे. दिसायला सारखीच असतात. दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे दूरसंचार विभागाची परवानगी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू बाईंना अशाच यंत्रापायी अडवले होते. परदेशातल्या भाच्याने कौतुकाने पाठवलेली भेट दरीत नेण्याआधी ती कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे.

नकाशे बनवणाऱ्यांकडे एक मागणी करावीशी वाटते. रस्त्यावरची गर्दी ते मिनिटामिनिटाला तांबड्या रेघेत दाखवतात. धरणाखालच्या नदीला तसाच रंग देता येईल: आता किती पाणी सुटते आहे आणि पुढच्या काही तासांत किती सुटणार आहे. दरवाजे चालवणाऱ्यांना तो आकडा ठाऊक असतोच. लारजीखाली काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या फोनवर तो पोचत नाही, इतकेच.