पदार्थ कुणाचा, हात कुणाचा?

दिवाळीत फराळाची ताटे एका घरातून दुसऱ्या घरी जाऊ लागली, की चवीआधी चौकशी सुरू होते. चकलीचा तुकडा मोडण्यापूर्वी आपण विचारतो, "कुणाकडची हो?" उत्तर मिळते आणि अर्धा निकाल तिथेच लागतो. ज्या घराशी जिव्हाळा, त्या घरची चकली खुसखुशीत. जिथे वर्षभर अबोला, तिथली मोहन चुकलेली! पदार्थ आणि तो करणारा हात यांची फारकत करणे माणसाला मोठे अवघड जाते. शाळेत मी इतिहास शिकवते. लढाया आणि तह मुलांना पाठ होतात. पण समाजाचे मन कळायचे, तर त्याच्या चुलीपाशीही घटकाभर बसावे लागते. म्हणून यंदा चुलीजवळचीच एक हकीकत सांगते. चूल मात्र इंग्लंडातली आहे.

इंग्रजांच्या स्वयंपाकघरात परदेश फार पूर्वीच शिरला होता. हॅना ग्लास या बाईंच्या 1747 सालच्या पाकपुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीची 'करी' सापडते. 1810 साली पाटण्यात जन्मलेल्या दीन महंमद या गृहस्थाने लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाची खाणावळ थाटली. ती फार दिवस चालली नाही, पण थाटली खरी. इंग्रजांचा केक गोड झाला तो वेस्ट इंडीजच्या मळ्यांत गुलामांनी पिकवलेल्या साखरेने, आणि त्याच्यासोबतचा चहा आला आधी चीनमधून व पुढे आसामातून. या जिनसांना कुणी कूळ विचारले नाही. कूळ विचारले गेले ते जिनसांमागून माणसे आली तेव्हा. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या वसाहतींतले लोक कामासाठी ब्रिटनला गेले, तिथेच राहिले, त्यांची मुले तिथेच जन्मली. 1982 साली मधुर जाफरी यांनी बी. बी. सी.च्या पडद्यावर भारतीय स्वयंपाक शिकवला, आणि लोकांनी तो आवडीने पाहिला. पण ती जागा पाहुणीची होती. पाहुणीने आपल्या माहेरचे पदार्थ करून दाखवावेत, यजमानांनी वाहवा करावी. यजमानांच्या चुलीवर कुणी हक्क सांगितला नव्हता.

तो प्रसंग 2015 साली आला. 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' ही स्पर्धा 2010 पासून दूरचित्रवाणीवर सुरू झाली होती. हिरवळीवर पांढरा तंबू ठोकायचा, त्यात हौशी मंडळींनी केक, पाव, बिस्किटे भाजायची, आणि दर आठवड्याला एकाने निरोप घ्यायचा. त्या वर्षीच्या अंतिम फेरीत नादिया हुसेन नावाची तरुणी होती. आईबाप बांगलादेशातून आलेले, जन्म इंग्लंडातल्या ल्यूटनचा, तीन मुलांची आई, आणि डोक्याला मुसलमानी पद्धतीचा रुमाल. शेवटच्या दिवशी तिने केला तो लिंबाच्या स्वादाचा अस्सल इंग्रजी केक. स्वतःच्या लग्नात केक नव्हता, म्हणून हा लग्नाचा केक. त्यावर लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांची साडी नेसवून लग्नातले दागिने मांडलेले. सुमारे दीड कोटी लोकांनी ती फेरी पाहिली, आणि नादिया जिंकली.

मग देशाने निकालाचा निकाल लावायला सुरुवात केली. तिला डोक्यावर घेणारे पुष्कळ निघाले. खुद्द पंतप्रधान कॅमेरून यांनी तिचे कौतुक केले होते. पण कुरकुर निकालाच्या आधीच सुरू झाली होती. सगळ्या रंगांची माणसे जमवून बी. बी. सी. आपली मते लोकांच्या गळी उतरवते आहे, असा सूर काही वर्तमानपत्रांनी लावला. 'डेली मेल'च्या एका स्तंभलेखिकेने तर, उपांत्य फेरीत बाद झालेल्या मध्यमवर्गीय मुलीने चॉकलेटची मशीद उभारली असती तर तिचा निभाव लागला असता, असा टोमणा मारला.

वाचकहो, या टोमण्यातली गंमत पाहा. या स्पर्धेत दर आठवड्याला एक खेळ असा असतो, की त्यात परीक्षक तंबूबाहेर थांबतात. सर्वांनी एकच पदार्थ करायचा, सगळी तबके एका मेजावर मांडायची, आणि मग परीक्षकांनी आत येऊन चाखायचे. कोणते तबक कुणाचे, हे त्यांना ठाऊक नसते. अंतिम फेरीतल्या या खेळातही नादियाच पहिली आली होती. हात झाकलेला असताना जो निकाल लागला, तोच हात उघडा असतानाही लागला. पण रुमालाकडेच डोळे लावून बसलेल्यांना तबक कसे दिसावे?

स्तुती करणारेही या बाबतीत फारसे वेगळे नव्हते. कुणी तिला नव्या ब्रिटनचे निशाण म्हटले, कुणी साऱ्या मुसलमान स्त्रियांची प्रतिनिधी. डोक्यावर रुमाल बांधलेल्या बाईला केक येतो की नाही अशी शंका लोकांना येईल, ही भीती तिने स्वतःच बोलून दाखवली होती. आणि चहा, केक व पताका यांची आवड आपल्यालाही इतर कुणाही ब्रिटिशाइतकीच आहे, हेही तिने सांगितले होते. 2016 साली राणीच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक तिच्या हातचा झाला. त्याच वर्षी आकाशवाणीवरच्या मुलाखतीत तिने सांगितले, की वंशावरून होणारी शिवीगाळ आणि धक्काबुक्की आता आपल्या आयुष्याचा भागच झाली आहे. राणीचा वाढदिवस आणि रस्त्यावरचा धक्का, दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला आले.

आपल्याला मात्र इंग्रजांना हसण्याचा अधिकार नाही. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांनी पुढे केलेल्या चहाबिस्किटांवरून केवढे ग्रामण्य उठले! टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांची त्यातून सुटका झाली नाही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तावाचून मिटले नाही. चहा चांगला होता की पाणचट, हे मात्र त्या गदारोळात कुणीच विचारले नाही.

मग सर्वांचे हात झाकले म्हणजे न्याय झाला काय? इतके सोपे नाही. 2018 च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्याच 'मास्टरशेफ' या दुसऱ्या स्पर्धेत मलेशियात जन्मलेल्या झलेहा कादिर ओल्पिन यांनी कोंबडीचे रेंदांग केले. नारळाच्या दुधात आणि वाटलेल्या मसाल्यात मांस मंद आचेवर शिजवत, रस आटवत नेणे ही रेंदांगची रीत. परीक्षकांनी तक्रार काय करावी? कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही! बाई बाद झाल्या. उद्या कुणी आपल्या पुरणपोळीला कडक नाही म्हणून नापास केले, तर आपल्याला जे वाटेल, ते मलेशियाला वाटले. निवडणूक महिन्यावर आलेली. तरी पंतप्रधान नजीब आणि त्यांचे कट्टर विरोधक महाथीर, दोघेही रेंदांगच्या बाजूने उभे राहिले. इंडोनेशिया आणि मलेशिया यांचा या पदार्थाच्या मालकीवरून जुना वाद. तो विसरून दोन्हीकडचे लोक एक झाले. दोन परीक्षकांपैकी एकाने रेंदांग कदाचित इंडोनेशियाचेच असेल अशी काडी टाकली आणि शेवटी 'नमस्ते' लिहून मोकळा झाला. म्हणजे पूर्वेकडचे सगळे एकाच गावचे!

या परीक्षकांच्या मनात त्या बाईंविषयी आकस होता, असे मी म्हणत नाही. त्यांनी तबकच पाहिले. पण ज्या मापाने मोजले, ते दुसऱ्याच चुलीचे होते. नादियाच्या टीकाकारांनी हात पाहिला आणि पदार्थ पाहिलाच नाही. इथे पदार्थ पाहिला, पण ओळखला नाही. पहिल्या दोषाला दुष्टावा म्हणता येतो. दुसरा पुष्कळदा निष्पक्षपणाचे सोवळे नेसून येतो, म्हणून तो ओळखायला अधिक कठीण. वर्गात उत्तरपत्रिकांवरची नावे झाकून गुण देणे मला ठाऊक आहे. पण मुलाने आपल्या गावच्या बोलीत लिहिलेला नेमका शब्द मला माहीतच नसेल, तर नाव झाकून उपयोग काय? डोळे मिटण्याबरोबर थोडे शिकावेही लागते.

त्याच 2018 साली बेक ऑफच्या अंतिम फेरीत तिघे उरले. राहुल मंडल कोलकात्याकडून गेलेले संशोधक, रुबी भोगल भारतीय वंशाची, आणि किम-जॉय हिच्या घरात मलेशियाकडचे चिनी आणि इंग्रजी, दोन्ही रक्त. तंबूतल्या उकाड्याने राहुलची काचेची बरणी फुटली, आणि नवी तयारी करायला त्यांना 15 मिनिटे जादा मिळाली. पुढे तेच जिंकले. त्यावर प्रेक्षकांत जोराचा वाद पेटला: 15 मिनिटे द्यायला हवी होती की नव्हती? बरणी फुटणे हा कुणाचा दोष?

हा वाद वाचताना मला बरे वाटले. वंशाचा विषय त्या देशातून संपला, असे मुळीच नव्हे. पण तीन वर्षांपूर्वी जिथे मशिदीचे टोमणे चालले होते, तिथे आता माणसे फुटलेल्या बरणीवरून आणि घड्याळावरून हमरीतुमरीवर आली होती. स्वयंपाकाच्या स्पर्धेत भांडण व्हायचेच असेल, तर ते असे व्हावे.