चीनला बंदूक दिली कुणी?

चीनच्या लष्कराचा विषय निघाला की लोक थेट आजच्या विमानवाहू जहाजांवर येतात. पाया कुणी घातला, ते कुणी बोलत नाही. सोव्हिएत रशियाने!

१४ फेब्रुवारी १९५० ला मॉस्कोत मैत्री करार झाला, सोबत ३० कोटी डॉलरचं कर्ज, व्याज फक्त १ टक्का. त्याच वर्षी चीन कोरियाच्या युद्धात उतरला. त्याच्या मदतीला रशियन वैमानिक स्वतःची ओळख लपवून मिग-१५ उडवत होते. शस्त्रं मात्र फुकट नव्हती हं, बरीचशी उधारीवर. माओंच्या मनात ती सल राहिलीच.

पण शस्त्रांपेक्षा मोठी मदत कारखान्यांची. मिग-१७ शेनयांगला बनू लागलं. टी-५४ रणगाड्याचा झाला टाइप ५९, कलाश्निकोव्हची झाली टाइप ५६. १९५७ ला तर अणुबॉम्बचं तंत्रज्ञान द्यायचंही कबूल केलं. १९५९ ला ख्रुश्चेव्हनी हात आखडता घेतला, पुढच्या वर्षी तज्ज्ञ परत बोलावले. उशीर झाला होता. १९६४ ला चीनने बॉम्ब फोडून दाखवला.

१९६२ ला आपल्या जवानांच्या हातात थ्री नॉट थ्री, समोर टाइप ५६. आणि त्याच वर्षी रशिया आपल्याला मिग-२१ द्यायला तयार झाला! आपल्या नाशिकजवळचा ओझरचा कारखाना त्यातूनच उभा राहिला.

मार्च १९६९. उसुरी नदीतल्या एका बेटावर चिनी सैनिकांनी रशियन गस्तीवर गोळ्या झाडल्या. बंदुका रशियन नमुन्याच्याच होत्या.