सोमवारचे मौन

दमणे वेगळे आणि विझणे वेगळे. दमलेला माणूस रात्रभर झोपला की सकाळी कामाला लागतो. विझलेल्याची झोप होते, पण उमेद परत येत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेवर लेख लिहिला आणि 'बर्नआउट' हा शब्द रूढ झाला. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामावरच्या सततच्या ताणाचा परिणाम म्हणून. नाव नवे, दुखणे मात्र जुनेच. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. या दुखण्यावरचा सर्वांत साधा उपाय मला गांधीजींच्या सोमवारच्या मौनात दिसतो.

या मौनाला आपण पुष्कळदा केवळ व्रत समजतो. पण १९४२च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर सेवाग्रामला आठवडाभर राहिले, तेव्हा गांधीजींनी त्यांना मूळ कारण सरळ सांगून टाकले. उन्हाळ्यातला रेल्वेप्रवास, सभांमागून सभा, गाडीतही प्रश्न विचारणारी माणसे, यांनी जीव मेटाकुटीला आला होता. आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी होती, एवढेच. आध्यात्मिक अर्थ त्याला नंतर चिकटले. मला हा प्रांजळपणा फार मोलाचा वाटतो. विश्रांती घ्यायला आपल्याला नेहमी काहीतरी थोर निमित्त लागते. इथे महात्माच म्हणतो, मला सुट्टी हवी होती!

तो दिवस आळसातही जात नसे. लेख आणि पत्रे लिहिणे चालूच असे. बंद असे ते फक्त बोलणे, कारण शिणवत होते ते बोलणेच. आपल्याला नेमके काय शिणवते हे ओळखून तेवढेच थांबवायचे, ही यातली खुबी.

आणि नेम म्हणजे नेम. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला पोचले. १४ सप्टेंबरला सोमवार होता. परिषदेच्या समितीत ते गप्प बसून राहिले, बोलले दुसऱ्या दिवशी. २ जून १९४७, पुन्हा सोमवार. माउंटबॅटन यांनी त्या दिवशी फाळणीची योजना नेत्यांपुढे ठेवली. गांधीजी भेटीला आले ते मौनातच, आणि वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर त्यांनी उत्तरे लिहिली. मौनाला दोनच अपवाद ठेवले होते: मोठ्या पदावरील व्यक्तीशी तातडीचे बोलणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा. पहिला अपवाद त्या दिवशी सहज लागू होता, तरी त्यांनी तो वापरला नाही.

म्हणून नेम पाळला की माणूस कधी कोसळत नाही, असे मात्र समजू नये. मार्च १९२७ मध्ये कोल्हापूरकडच्या दौऱ्यात त्यांचा रक्तदाब वाढला. दौरा थांबवून त्यांना आंबोलीला आणि पुढे मैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर विश्रांती घ्यावी लागली. १९३५च्या अखेरीस वर्ध्याला पुन्हा तेच. सोमवार होताच, पण उरलेल्या सहा दिवसांचा भार एका दिवसाला पेलेल असे नाही. नेम हे कवच नव्हे, आपण किती वाकलो आहोत हे दर आठवड्याला पाहण्याची ती जागा आहे.

हे सारे आज लिहावेसे वाटले, कारण गेली चार वर्षे आमची सौ. अंथरुणावर आहे आणि तिचे सगळे मीच करतो. दर बुधवारी दुपारी माझी धाकटी बहीण येऊन तिच्याजवळ बसते. मी तीन तास बाहेर पडतो, वाचनालयात नाहीतर नदीकाठी. "आज बरे वाटतेय, राहू दे," असे म्हणून मी बुधवार चुकवत नाही. बरे वाटत असतानाच तो पाळायचा असतो. परतल्यावर सौ. म्हणते, "आज तुमचा आवाज मऊ आहे हो." सेवा करणाऱ्याचा आवाज खरखरीत झाला, की पहिला त्रास आजाऱ्यालाच होतो.

तेव्हा मंडळी, घरात कोणी आजारी असो, शाळा असो की रात्री उशिरापर्यंत चालणारे ऑफिस, आपला एक वार ठरवा. घरच्यांना तो आधीच सांगून ठेवा. कारण विचारले तर सुट्टी हवी आहे म्हणा. तेवढे कारण पुरते.