बंद दारामागचे मूल : तांबरमच्या संदर्भात बालसंरक्षण कायद्यांचा विचार

चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरम हे दीर्घकाळ क्षयरोग्यांचे आरोग्यधाम आणि १९३७ साली तेथे स्थलांतरित झालेले मद्रास ख्रिश्चन कॉलेज यांच्यामुळे परिचित होते. १९८४ साली आरोग्यधामाच्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या परिसरात निर्यात प्रक्रिया क्षेत्र उभे राहिले आणि तेथील कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने पाळ्यांवर काम करू लागल्या. घड्याळाशी बांधलेल्या या रोजगाराने एक जुनाच प्रश्न पुन्हा पुढे आणला. आई कारखान्यात असताना घरातल्या मुलाचे काय? कायद्यात याचे उत्तर शोधू गेल्यास प्रथमदर्शनी निराशाच पदरी पडते. मूल किती वर्षांचे झाल्यावर त्याला घरी एकटे ठेवता येईल, हे भारतातील कोणत्याही केंद्रीय कायद्याने सांगितलेले नाही.

या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१७ म्हणून आली. बारा वर्षांखालील मुलाला आईबापाने किंवा सांभाळकर्त्याने सोडून दिल्यास सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा तीत होती. पण त्यासाठी मुलाचा पूर्णतः त्याग करण्याचा हेतू आवश्यक होता. बाहेरून कडी घालून कामावर जाणारी आणि सायंकाळी परतणारी आई या कलमाच्या कक्षेत येत नव्हती. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ मध्येही हेतूची ही अट कायम आहे.

तांबरम ज्या मद्रास इलाख्यात होते, त्या इलाख्याने १९२० साली देशातील पहिला बालविषयक कायदा केला. बंगालचा कायदा १९२२ चा, मुंबईचा १९२४ चा. मद्रासच्या कायद्यावर इंग्लंडच्या १९०८ च्या कायद्याची छाप होती. त्या इंग्रजी कायद्यात एक लक्षणीय कलम आढळते : सात वर्षांखालील मुलाला पुरेसे संरक्षण नसलेल्या उघड्या शेकोटीच्या खोलीत राहू दिले आणि त्यामुळे ते दगावले वा गंभीर जखमी झाले, तर पालकास दहा पौंडांपर्यंत दंड. म्हणजे तेथेही रोख एकटेपणावर नव्हता, आगीवर होता. मद्रासच्या कायद्याची दृष्टी तर मुख्यतः रस्त्यावर भटकणाऱ्या, निराश्रित वा गुन्हेगारीच्या वाटेवर सापडलेल्या मुलांकडे होती. घराच्या आत तो फारसा डोकावला नाही.

खरे उत्तर आले ते कामगार कायद्यांतून, आणि त्याची पार्श्वभूमी मुंबईच्या गिरण्यांत आहे. कामावर जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवीत, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पाहण्यांत वारंवार नोंदले गेले. या प्रथेला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. सोबतीला माणूस नसलेल्या घरातला तो पहाराच होता. १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याच्या कलम ४८ ने पाळणाघर बंधनकारक केले आणि १९७६ च्या दुरुस्तीने स्त्रियांची संख्या तीसवर आणली. एकट्या मुलाविषयीचा भारतीय कायदा असा कारखान्याच्या फाटकातून आत आला, हे अभ्यासकांकडून बहुधा दुर्लक्षितच राहिले आहे.

तांबरमच्या कारखान्यांनाही याच तरतुदी लागू होत्या. परंतु तान्हे मूल घेऊन गर्दीच्या लोकलने पाळी गाठणे सोपे नसते, आणि सहा वर्षे पूर्ण होताच पाळणाघराचा आधारही संपतो. तमिळनाडूच्या १९८२ च्या सकस आहार योजनेची केंद्रे आणि शाळा दिवसाचा काही भाग सांभाळतात. शाळा सुटल्यापासून पाळी संपेपर्यंतचे तास मात्र शेजारणीवर किंवा थोरल्या बहिणीवर पडतात. आणि ही बहीण स्वतःच अनेकदा कायद्याच्या व्याख्येतले बालक असते.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ७५ त्याग आणि हेतुपुरस्सर दुर्लक्ष या दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड सांगते. त्याच्या परंतुकात जन्मदात्यांना एक सवलत आहे : परिस्थिती हाताबाहेरची असल्यास त्याग हेतुपुरस्सर नव्हता असे गृहीत धरावे. परंतुकात शब्द ‘त्याग’ हाच आहे. ‘दुर्लक्ष’ तेथे नाही. शब्दशः वाचल्यास नाइलाजाने मूल कायमचे सोडणाऱ्या आईला या गृहीतकाचा आधार मिळतो, आणि कडी लावून पाळीवर गेलेल्या, रात्री घरी परतणाऱ्या आईला तो मिळत नाही.