पेशीला जागा किती, त्यावर ठरतं चरबी की हाड!

जास्त खाल्लं की चरबी वाढते, हे तुम्हाला माहीत आहेच. पण कोवळ्या पेशीने चरबीची पेशी व्हायचं की हाडाची, हे तिला मिळालेल्या जागेवरही ठरतं. हे उलगडायला तीसेक वर्षं लागली.

१९७४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॉवर्ड ग्रीन उंदराच्या पेशी बशीत वाढवत होते. बशी दिवाळीतल्या बर्डीसारखी गच्च भरली आणि पेशींची वाढ थांबली, की काही पेशी गोल होऊन तेलाचे थेंब साठवू लागत. गर्दीत नेमकं काय घडतं? १९८३ मध्ये स्पीगलमन आणि जिंटी यांनी बशीला फायब्रोनेक्टिन नावाच्या चिकट प्रथिनाचा थर दिला. पेशी ऐसपैस पसरल्या आणि चरबी होईना! त्यांना पुन्हा गोल होऊ दिलं, तर पुन्हा चरबी.

मला सगळ्यात आवडतो तो २००४ चा प्रयोग. ख्रिस्तोफर चेन यांच्या गटाने माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींना चिकटायला ठरावीक मापाचे ठिपके दिले. खुराक सगळ्यांना एकच. लहान ठिपक्यावर आखडून बसलेल्या पेशी चरबीकडे वळल्या, सुमारे दहापट मोठ्या ठिपक्यावर पसरलेल्या हाडाकडे. पसरलेल्या पेशीच्या आतले धागे ताणले जातात आणि तो ताणच तिला संदेश देतो.

दोन वर्षांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दिसलं, की पायाखालची जमीन मऊ की कडक, यानेही फरक पडतो. त्या शोधनिबंधातलं दुसरं नाव शामिक सेन यांचं. ते पुढे आपल्या पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न: थरथरणाऱ्या पट्ट्याने पोट उतरतं का? नाही. हे प्रयोग नवी पेशी घडण्याबद्दल आहेत, तेही बशीतले. भरलेली चरबीची पेशी हलवून रिकामी होत नाही. शरीराने ऊर्जा खर्च केली, तरच तिच्यातली चरबी वापरली जाते.

मात्र दीर्घकाळ अंथरुणात पडून राहिल्यावर हाडं विरळ होतात आणि मज्जेतली चरबी वाढते, हे प्रत्यक्ष माणसांत दिसलं आहे. त्याला एकच कारण नाही, पण हाडावरचा भार नाहीसा होणं हे त्यातलं मोठं. म्हणून खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आजीला उभं करायला सांगितलं, तर "राहू द्या, दुखतंय तिला" म्हणून तिला झोपवून ठेवू नका.