जोसेफ वाझ यांची सिंहलद्वीपाची वाट

वेंगुर्ल्याला डच वखारीची पडकी इमारत अजून उभी आहे. मालवणाकडून किंवा सावंतवाडीकडून येणारा प्रवासी त्या जाड भिंती पाहतो आणि बंदराच्या वाटेस लागतो. हे डच लोक येथें कशासाठीं आले होते, असें विचारणारे थोडेच. १६३७ सालीं विजापूर दरबाराच्या परवानगीनें त्यांनीं येथें ठाणें घातलें, तें केवळ व्यापारासाठीं नव्हे. दक्षिणेस गोवा अगदीं जवळ होता. गोव्याच्या तोंडाशीं नाकेबंदी करून बसलेल्या डच गलबतांना दाणापाणी व पोर्तुगिजांच्या हालचालींची बातमी वेंगुर्ल्याहून पोंचे. म्हणजे आपल्या या शांत किनाऱ्यावर त्या काळीं दोन युरोपीय सत्तांचें वैर नांदत होतें. मीं आज जी हकीकत सांगणार आहें तिचें एक टोंक या वैरांत आहे.

याच डचांनीं १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना पोर्तुगिजांकडून घेतलें आणि सिंहलद्वीपाचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, किनारा त्यांच्या हातीं गेला. डच हे प्रॉटेस्टंट, पोर्तुगीज कॅथलिक. त्यामुळें राज्य पालटतांच धर्माचाहि हुकूम पालटला. कॅथलिक पाद्र्यांना बेटाबाहेर घालविण्यांत आलें आणि त्यांना आसरा देणाऱ्यास देहान्त शासन होईल असा जाहीरनामा निघाला. राजाच्या आश्रयानें वाढलेला धर्म राजा जातांच उघडा पडला. हजारों कुटुंबें मागें राहिलीं. त्यांचीं मुलें जन्मत, माणसें मरत, पण बाप्तिस्मा देणारा किंवा मरणाऱ्याच्या उशाशीं बसणारा कोणी उरला नाहीं. अशीं जवळजवळ तीस वर्षें गेलीं. या लोकांपाशीं जाण्याचें धैर्य अखेर ज्यानें केलें तो कोणी युरोपियन नव्हता. आपल्याच कोंकणपट्टींतला, कोंकणी बोलणारा एक गोमंतकीय पाद्री होता. त्याचें नांव जोसेफ वाझ.

वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं सासष्टींतील बाणावली येथें, आजोळीं झाला, घराणें सांकवाळचें. मालवणच्या कुरटे बेटावर शिवाजीमहाराजांनीं सिंधुदुर्गाचा पाया घातला तेव्हां हा मुलगा तेरा वर्षांचा होता. १६७६ सालीं त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. परंतु त्या काळच्या गोव्यांत एतद्देशीय पाद्री म्हणजे दुय्यम दर्जाचा मनुष्य. युरोपांतून आलेल्या संन्याशांच्या मठांत त्याला प्रवेश नसे. तो कितीहि शिकला तरी त्यानें कुणाच्या तरी हाताखालीं राहावें, अशी रीत होती.

या अन्यायाला वाझ यांच्या आधींच्या पिढींत एका मनुष्यानें अगदीं निराळें उत्तर दिलें होतें. दिवाडी बेटावरचे मातेऊस द कास्त्रो हे गोव्यांत दाद मिळेना म्हणून थेट रोमला गेले, बिशप होऊन परत आले आणि आदिलशाही मुलखांत, डिचोलीला, त्यांनीं आपलें ठाणें केलें. पोर्तुगिजांविरुद्ध त्यांनीं जळजळीत लिखाण केलें. आदिलशहाशीं व वेंगुर्ल्याच्या डचांशीं त्यांनीं संधान बांधलें असा पोर्तुगिजांचा त्यांच्यावर आरोप होता. त्यांची तक्रार खरी होती याविषयीं मला शंका वाटत नाहीं. पण त्या सगळ्या झुंजींतून गोव्याच्या एतद्देशीय पाद्र्यांच्या पदरांत त्या वेळीं फारसें कांहीं पडलें नाहीं, हेंहि खरें.

वाझ यांचा स्वभाव वेगळा. १६७७ च्या ऑगस्टच्या ५ तारखेस त्यांनीं एक दासखत लिहिलें व त्यांत आपण मरियेचे कायमचे दास आहों असें स्वतःच्या हातानें लिहून दिलें. आजच्या मनाला हा शब्द खटकेल. गोव्याच्या बाजारांत त्या काळीं खरोखरचे गुलाम विकले जात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या शब्दाचें वजन कळतें. गुलामानें कोठें जावें हें गुलाम ठरवीत नाहीं. आपणहि तें ठरवावयाचें नाहीं, एवढाच वाझ यांचा आशय होता.

आणि याच गोष्टीची परीक्षा लवकर झाली. सिंहलद्वीपांतील निराश्रित ख्रिस्ती लोकांची हकीकत त्यांच्या कानीं आली होती आणि तेथें जाण्याची त्यांची ओढ होती. देवानें आपल्याला तिकडेच बोलाविलें आहे अशी त्यांची खात्री. त्यांनीं वरिष्ठांकडे परवानगी मागितली; वरिष्ठांनीं १६८१ सालीं त्यांना पाठविलें तें कानड्याच्या किनाऱ्यावर. सिंहलद्वीपाची गोष्ट बाजूस राहिली.

अशा वेळीं मनुष्य एकतर रुसतो किंवा वरिष्ठांना धाब्यावर बसवून निघून जातो. वाझ मुकाट्यानें कानड्यांत गेले. तेथें केळदीच्या नायकांचें राज्य. पोर्तुगिजांचा जोर ओसरलेला. त्यांत धर्माधिकाऱ्यांमध्येंच तंटा. मातेऊस यांचे पुतणे तोमास द कास्त्रो रोमकडून नेमणूक घेऊन मंगळुरास बसले होते, तर वाझ गोव्याकडून आलेले. कोणाचा अधिकार खरा, कोणानें लावलेलें लग्न खरें, हें गरीब लोकांनीं कसें ठरवावें? वाझ समेटासाठीं झटले, देवळें उभारलीं आणि गांवोगांव पायीं हिंडले. परक्या राज्यांत, पाठीशीं फौज नसतां, धर्मकार्य कसें करावें याचें शिक्षण त्यांना येथें मिळालें. पुढें सिंहलद्वीपांत हेंच शिक्षण उपयोगीं पडलें. हें आपल्याला दिसतें, कारण आपण तीनशें वर्षांनंतर मागें वळून पाहत आहों. वाझ यांना त्या वेळीं तें दिसण्याचें कांहींएक कारण नव्हतें. त्यांच्या दृष्टीनें तीं तीन वर्षें म्हणजे हव्या असलेल्या वाटेपासून दूर गेलेलीं तीन वर्षेंच होतीं.

ते कानड्यांत असतांनाच १६८३ च्या अखेरीस संभाजीमहाराजांच्या फौजा सासष्टी व बारदेशांत उतरल्या. गोवें शहर हातचें जातें कीं काय असा प्रसंग आला. घाबरलेल्या व्हाइसरॉयनें आपली अधिकाराची छडी संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाच्या हातीं नेऊन ठेवली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. संकट टळल्यावर त्याच व्हाइसरॉयनें, कोंद द आल्व्होर यानें, २७ जून १६८४ रोजीं फर्मान काढलें कीं, गोमंतकीयांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. वाझ त्याच वर्षीं गोव्यास परतले तेव्हां त्यांच्या घरचा मुलूख जळून गेलेला, आणि आईच्या भाषेवरहि हुकूम निघालेला.

गोव्यांत कांहीं एतद्देशीय पाद्री एका चर्चच्या आश्रयानें एकत्र राहूं लागले होते. १६८५ च्या सप्टेंबरांत वाझ त्यांना मिळाले व लवकरच त्यांचे मुख्य झाले. संत फिलिप नेरी यांची नियमावली त्यांनीं स्वीकारली. एतद्देशीयांनीं एतद्देशीयांसाठीं चालविलेली ही मंडळी म्हणजे त्या काळांतलें मोठें नवल. तरी एक गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. तींत प्रवेश मिळे तो ब्राह्मण कुळांतील पाद्र्यांनाच. बाप्तिस्म्याच्या पाण्यानेंहि जात धुतली गेली नव्हती.

मंडळी नांवारूपास येऊं लागली आणि वाझ यांनीं तिची धुरा दुसऱ्याच्या खांद्यावर दिली. १६८६ सालीं जुवांव नांवाच्या एका सेवकास बरोबर घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. यावेळीं वाट सिंहलद्वीपाचीच होती. पाद्र्याचा झगा उतरवून त्यांनीं हमालाचा वेष घेतला. तुतिकोरीनहून त्यांनीं समुद्र ओलांडला आणि १६८७ सालीं ते डचांच्या मुलखांत उतरले.

येथें क्षणभर थांबलें पाहिजे. ईश्वरावर भरंवसा टाकणें म्हणजे डोळे मिटून उडी घेणें, असा एक समज आहे, आणि भाविक चरित्रकार तो वाढवितात. वाझ यांनीं तसें केलेलें दिसत नाहीं. त्यांनीं वेष बदलला, तमीळ भाषा शिकून घेतली, डच पहारेकऱ्यांना शंका येणार नाहीं अशी वागणूक ठेविली. जें माणसाच्या हातीं होतें तें त्यांनीं सगळें केलें. त्यांचा भरंवसा सुरू होतो तो माणसाचा हात जेथें पोंचत नाहीं तेथून.

तो प्रसंग यावयास उशीर लागला नाहीं. जाफन्यास पोंचतांच त्यांना आमांशानें गांठलें. रोग लागेल या भीतीनें लोकांनीं त्यांना घराबाहेर काढलें. एका बाईनें आणून दिलेल्या पेजेवर ते तगले, असें त्यांचीं चरित्रें सांगतात. ज्या लोकांसाठीं ते आले होते ते लोक कोण, हेंच त्यांना ठाऊक नव्हतें. विचारावें तर पकडले जाण्याचें भय. तेव्हां त्यांनीं गळ्यांत जपमाळ घातली आणि भिक्षेच्या निमित्तानें ते दारोदार हिंडूं लागले. माळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते का, एवढेंच पाहावयाचें. किती दारांतून कांहींच घडलें नसेल! अखेर एका घरानें ओळख दिली, मग दुसऱ्यानें, आणि जवळच्या सिल्लालै गांवांत त्यांना आसरा मिळाला. रात्रीं मिस्सा होई, उजाडण्यापूर्वीं सगळे पांगत.

१६८९ च्या नाताळाच्या रात्रीं डच शिपायांनीं धाड घातली. वाझ निसटले, त्यांच्यासाठीं जमलेले लोक मात्र पकडले गेले. कांहींना फटके बसले, तुरुंग मिळाला. या हकीकतींतील सर्वांत बोचरी जागा मला ही वाटते. आपण आलों नसतों तर हीं माणसें सुखानें आपल्या घरीं असतीं, हा विचार वाझ यांच्या मनांत आला नसेल असें मानणें कठीण आहे. ज्याला ईश्वरी बोलावणें म्हणतात त्याची किंमत पुष्कळदां दुसरेच भरतात. या प्रश्नाला वाझ यांनीं शब्दांनीं काय उत्तर दिलें असतें, कोण जाणे. ते बेट सोडून परत मात्र गेले नाहींत. डचांची सत्ता नसलेल्या पुत्तलमकडे ते सरकले आणि तेथून १६९२ सालीं कँडीच्या राजधानींत गेले.

कँडीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्ध. डचांनीं छळलेल्या कॅथलिकांना त्याच्या घराण्यानें पूर्वींपासून आपल्या राज्यांत राहूं दिलें होतें. पण दरबारांतल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंटानें वाझ हे पोर्तुगिजांचे हेर असल्याचें राजास सांगितलें आणि त्यांची रवानगी कैदेंत झाली. सेवकहि बरोबर होता. न गोव्याचें पत्र, न सुटकेची आशा. वाझ तेथें सिंहली भाषा शिकूं लागले. पहारा सैल होतांच अंगणांत एक खोपट उभारून त्यांनीं वेदी मांडली. राजाला हळूहळू कळून चुकलें कीं हा हेर नव्हे.

पुढें दुष्काळांत राजाच्या विनंतीवरून वाझ यांनीं उघड्यावर वेदी उभारून प्रार्थना केली, मुसळधार पाऊस पडला, आणि वाझ व वेदी तेवढी कोरडी राहिली, अशी कथा आहे. इतिहासाच्या अभ्यासकानें ती कथा म्हणूनच सांगावी. निश्चित आहे तें इतकें कीं, १६९६ च्या सुमारास राजानें त्यांना धर्मोपदेशाची मोकळीक दिली.

१६९७ सालीं दोन गोष्टी घडल्या. गोव्याहून त्यांच्याच मंडळींतले पाद्री येऊन पोंचले. दहा वर्षांत पहिल्यानेंच वाझ यांना आपल्या माणसांचें तोंड दिसलें. इतके दिवस साऱ्या बेटावर ते एकटेच कॅथलिक पाद्री होते. आणि त्याच सालीं कँडींत देवीची सांथ पसरली. राजानें शहर सोडलें. ज्यांना शक्य होतें ते सगळे पळाले. रोग्यांना रानांत नेऊन टाकूं लागले. वाझ व नव्यानेंच आलेले त्यांचे भाचे जोसेफ कार्व्हाल्यो शहरांत राहिले. रोगी ख्रिस्ती आहे कीं बौद्ध हें न पाहतां त्यांनीं शुश्रूषा केली, मेलेल्यांना पुरलें. पावसाच्या कथेपेक्षां या सांथींतल्या दिवसांनीं राजाचें मन त्यांच्याकडे अधिक वळविलें असावें, असें माझें मत आहे.

१६ जानेवारी १७११ रोजीं कँडींतच त्यांचें देहावसान झालें. गोवा सोडल्यापासून ते पुन्हा घरीं गेले नव्हते. १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें पोप फ्रान्सिस यांनीं त्यांना संतपद दिलें. सावंतवाडी, वेंगुर्लें, मालवण या बाजूची ख्रिस्ती वस्तीहि बहुतांशीं गोव्याहून, त्याच धामधुमीच्या शतकांत व पुढें, उठून आलेल्यांची. २००५ सालापासून तिचा सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आहे.

वाझ यांच्या हयातींत, १७०५ सालीं, गोव्याहून आणखी एक तरुण पाद्री त्यांच्या मदतीस आला होता: जाकोम गोन्साल्व्हिस. तो दिवाडीचा, म्हणजे मातेऊस द कास्त्रो यांच्याच बेटावरचा. वाझ यांनीं त्याला सिंहली भाषेचा अभ्यास करावयास लाविलें. त्यानें पुढें सिंहली व तमीळ या दोन्ही भाषांत इतके ग्रंथ लिहिले कीं सिंहली कॅथलिक वाङ्मयाचा जनक म्हणून त्याचें नांव तेथें आजहि घेतात. गोव्यांत मात्र त्याच्या मातृभाषेविरुद्धचें तें फर्मान तेव्हां अजून दप्तरांत होतें.